खळ किती घालायची

सोमवारी सकाळी काकीच्या अंगणात गेलं की दोरीवर फक्त पांढरे कपडे दिसतात. चौकोनी, रुमालाहून मोठे, एका बाजूला बारीक लाल क्रूस भरलेला. आमच्या देवळातल्या वेदीवरचे कपडे ते. (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो. गावठणाबाहेरचा माणूस हे पहिल्यांदा ऐकतो तेव्हा चमकून बघतो. मलाही आता त्याची गंमत वाटायची थांबली आहे.)

मिस्सेच्या, म्हणजे देवळातल्या मुख्य उपासनेच्या, वेळी पवित्र भाकर आणि प्याला ज्या कपड्यावर ठेवतात त्याला कॉर्पोरल म्हणतात. तो धुवायची रीत आहे. पहिलं पाणी मोरीत सोडायचं नाही, कारण भाकरीचा एखादा कण कपड्यात राहिलेला असू शकतो. ते पाणी मातीत ओतायचं. काकी ते कढीपत्त्याच्या मुळाशी ओतते, त्यामुळे आमच्या आमटीतल्या फोडणीला थोडंफार पावित्र्य आपोआप लाभतं. मग साबण, मग निळीचा थेंब, मग खळ. बाजारची पावडर तिला चालत नाही. तांदळाची पेज फडक्यातून दोनदा गाळते, बोटांत धरून तिचा चिकटपणा बघते, आणि मगच कपडा बुडवते. अर्धवट ओला असतानाच इस्त्री. शेवटी घडी. उभ्या तीन, आडव्या तीन, उलगडला की नऊ चौकोन उमटले पाहिजेत. आणि घडी आतल्या बाजूला, म्हणजे राहिलेला कण खाली सांडणार नाही. चाळीस वर्षं हे ती करते आहे. पैसे नाहीत, नाव नाही, नोटीस बोर्डावर यादी लागते त्यातही ती नाही.

हे सगळं सांगायचं कारण २०२२ सालची एक सभा. त्या सभेत टिपणं घ्यायचं काम माझ्याकडे होतं.

पोप फ्रान्सिस यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये रोमला सिनडची सुरुवात केली. सिनड म्हणजे एरवी बिशपांची सभा. बिशप जमतात, बोलतात, कागद काढतात, आपल्याला रविवारच्या प्रवचनात त्याचा एक परिच्छेद ऐकू येतो. या वेळी मात्र उलटं टोक धरलं होतं. आधी जगभरच्या श्रद्धावंतांना विचारा, मग बिशप बसतील. प्रत्येक धर्मग्रामात (म्हणजे पॅरिशमध्ये) गट करा, लोकांना बोलू द्या, जे देवळात येत नाहीत त्यांनाही गाठा, आणि त्यांचं म्हणणं लिहून वर पाठवा. ‘सिनड’ हा मूळ ग्रीक शब्द, सोबत चालण्याची वाट असा त्याचा अर्थ. हे मी शेजारच्या काकांना सांगितलं तर ते म्हणाले, म्हणजे वारीच की! मी हो म्हणालो खरा, पण वारीत कुठे जायचं ते आधीच ठरलेलं असतं. इथे नेमकं तेच ठरवायचं होतं, आणि ठरवणाऱ्यांत आपण आहोत की नुसते चालणाऱ्यांत, याचा अंदाज कोणालाच नव्हता.

आमचं गावठण अंधेरी पूर्वेला. मेट्रोच्या खांबांमागे, हॉटेलांच्या आणि कचेऱ्यांच्या काचांमध्ये चिणून बसलेलं. आम्ही ईस्ट इंडियन. पश्चिम किनाऱ्यावर राहून पूर्वेचं नाव मिरवणारी जमात, असं आमचे आम्हीच म्हणतो. हे नाव १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, ईस्ट इंडिया कंपनीवरून घेतलं गेलं. रेल्वेत आणि कंपन्यांत नोकऱ्या मिळवताना गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती लोकांपेक्षा आपण वेगळे, इथलेच, हे साहेबाला कळावं म्हणून. घरात भाषा मराठी, आमच्या वळणाची. देवळात बहुतेक मिस्सा इंग्रजीत. मराठी मिस्सा आहे, पण ती पहाटेची, ज्या वेळी म्हातारी माणसं आणि दूधवाले एवढेच जागे असतात.

सभा ओमायक्रॉनची लाट ओसरल्यावर झाली. हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, एकेक खुर्ची सोडून बसायचं, तोंडावर मास्क. आमच्या गटात वाटलेला कागद इंग्रजीत होता आणि त्यावर दहा विषय होते: सहप्रवासी, ऐकणं, बोलणं, उपासना, सेवाकार्यातली जबाबदारी, संवाद, इतर पंथ, अधिकार आणि सहभाग, निर्णय कसे होतात, आणि शेवटी स्वतःला घडवणं. सिस्टरनी पहिला प्रश्न मराठीत करून सांगितला. आपल्या ख्रिस्तसभेत कोणाला बाजूला पडल्यासारखं वाटतं?

पंखा फिरत होता. कोणी बोलेना.

याला भीती म्हणता येणार नाही. आमच्या गावठणात माणसं भरपूर बोलतात. जमिनीच्या सातबाऱ्यावर, बिल्डरवर, लग्नातल्या वड्यांवर, फादरच्या प्रवचनाच्या लांबीवर. पण हे सगळं देवळाबाहेरच्या पायरीवर. पायरीच्या आत आलं की आपण उत्तरं देणारे. ‘प्रभू तुमच्याबरोबर असो’ म्हटलं की पुढचं वाक्य तोंडपाठ. माझ्या आजीला तर ते लॅटिनमध्ये पाठ होतं, ‘एत् कुम् स्पिरितू तूओ’, अर्थ माहीत नसताना. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५ च्या पुढे, मिस्सा लोकांच्या भाषेत आली. जगातली केवढी मोठी सुधारणा ती. पण आजी म्हणायची, मराठीत आली तेव्हापासून पाद्री काय बोलतो ते समजतं, म्हणून झोप लागत नाही. पाठ केलेली उत्तरं देण्यात आमची दोन-तीनशे वर्षं गेली. आता अचानक, पाठ नसलेलं उत्तर द्या म्हटल्यावर हॉलभर माणसं आपापल्या चपलांकडे बघू लागली.

मग एक तरुण मुलगा वायफायबद्दल बोलला. एका काकांनी दफनभूमीतल्या जागेचा विषय काढला, जो ते १९९० पासून काढतात. एकीने मराठी मिस्सेच्या वेळेची तक्रार केली आणि त्यावर तीन माणसं एकदम बोलली. मी लिहीत होतो. आणि मागच्या रांगेतून काकी, मास्क हनुवटीवर ओढून, बसल्या जागेवरून म्हणाली, “मना चाळीस वर्सांत खळ किती घालायची ते सोडून कोणी काय इचारलं नाय.”

लोक हसले. सिस्टरही हसल्या. काकीने मास्क वर केला.

मी वहीत ते वाक्य लिहिलं. मराठीतच, घाईत. रात्री घरी बसून अहवाल टाईप करायला घेतला, कारण तो इंग्रजीत द्यायचा होता आणि आमच्या गटाला मिळालेली जागा एका पानाची होती. काकीच्या वाक्याशी आलो आणि थांबलो. खळेला इंग्रजीत काय म्हणतात ते मला येतं. पण खळ लिहिली की कॉर्पोरल आलं, पेज आली, काकी आली, मग पान पुरणार कसं? दहा मिनिटांनी मी टाईप केलं: विमेन सीक ग्रेटर पार्टिसिपेशन इन डिसिजन-मेकिंग. स्त्रियांना निर्णयप्रक्रियेत अधिक सहभाग हवा आहे. वाचून मला स्वतःचं कौतुकही वाटलं, खोटं कशाला बोलू. बँकेत बावीस वर्षं पत्रव्यवहार केल्याचं चीज झालं असं वाटलं.

आता त्या वाक्याचा प्रवास बघा. गटाच्या पानातून ते धर्मग्रामाच्या अहवालात गेलं असणार, तिथून मुंबईच्या महाधर्मप्रांतात. महाधर्मप्रांताने आपलं सार काढायचं, जास्तीत जास्त दहा पानांत. मग भारताच्या बिशपांची परिषद, जी १९४४ पासून आहे, तिने सगळ्या देशाचं सार काढायचं, तेही दहाच पानांत. देश म्हणजे काय? लॅटिन रीतीचे आम्ही, केरळचे सिरो-मलबार आणि सिरो-मलंकार, झारखंड-छत्तीसगडचे आदिवासी, ईशान्येतले, तमिळ दलित ख्रिस्ती. सगळ्यांची मिळून दहा पानं. रोमला जगातल्या ११४ बिशप परिषदांपैकी ११२ परिषदांचे असे अहवाल पोचले. त्यांचं मिळून एक दस्तऐवज ऑक्टोबर २०२२ मध्ये निघालं. त्याला नाव दिलं होतं यशयाच्या पुस्तकातल्या वचनावरून, ‘आपल्या तंबूची जागा मोठी कर’. हे नाव वाचून मला आमच्या लग्नातला मांडव आठवला. पाहुणे वाढले की आदल्या रात्री दोन बांबू आणखी ठोकतात. बांबू कुठे ठोकायचे ते मात्र घरातल्या बायका ठरवतात, कारण चूल कुठे आहे ते त्यांनाच ठाऊक.

नियमाने बघितलं तर आम्हाला बोलायचा हक्क आधीपासून आहे. १९८३ च्या चर्चच्या कायद्यात २१२ वं कलम सांगतं की श्रद्धावंतांना आपलं मत धर्मगुरूंना कळवण्याचा हक्क आहे, कधीकधी ते कर्तव्यही आहे. त्याच कायद्यातलं ५३६ वं कलम मात्र म्हणतं की धर्मग्रामाच्या मंडळाला फक्त सल्ला देण्याचं मत असतं. म्हणजे बोला, अवश्य बोला. ऐकायचं की नाही ते फादर बघतील. मी स्वतः त्या मंडळावर तीन वर्षं होतो, तेव्हा आमच्या सल्ल्याचा सर्वांत मोठा परिणाम म्हणजे पार्किंगची बाजू बदलली.

माझी मामेबहीण मेलबर्नला असते. आमच्या सभेबद्दल फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, आमच्याकडे हे आधीच झालंय. ऑस्ट्रेलियात मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांची चौकशी करणारं शाही आयोग २०१३ ते २०१७ चाललं. त्यात चर्चचं जे उघड झालं त्याने तिथले लोक हादरले. मग तिथल्या बिशपांनी राष्ट्रीय परिषद बोलावली आणि लोकांना एकच प्रश्न विचारला: या काळात देव ऑस्ट्रेलियात आपल्याकडून काय मागतो आहे असं तुम्हाला वाटतं? सव्वादोन लाखांच्या आसपास माणसं बोलली, १७,४५७ निवेदनं आली. मामेबहिणीने पण एक पाठवलं होतं. जुलै २०२२ मध्ये सिडनीत अंतिम बैठक झाली. स्त्रियांच्या समान प्रतिष्ठेबद्दलचा ठराव आला, आणि बिशपांची आवश्यक दोन-तृतीयांश मतं पडली नाहीत. चहाच्या सुट्टीनंतर साठेक सभासद खुर्चीवर बसलेच नाहीत. सभागृहाच्या मागच्या भिंतीशी उभे राहिले, त्यात बायका होत्या, पुरुष होते. कार्यक्रमपत्रिका बाजूला ठेवावी लागली. मजकूर नव्याने लिहिला गेला आणि दोन दिवसांनी मंजूर झाला.

“म्हणजे उभं राहिल्यावर ऐकलं?” मी विचारलं.

“नाही रे,” ती म्हणाली, “बसले नाहीत म्हणून दिसले.”

जर्मनीतही तसंच. तिथे २०१८ च्या अभ्यासात १९४६ ते २०१४ या काळातल्या ३,६७७ मुलांवरचे अत्याचार आणि १,६७० धर्मगुरू कागदावर आले, आणि २०२० च्या सुरुवातीला बिशप आणि सामान्य श्रद्धावंत एका सभागृहात बसले. तिथेही बिशपांच्या दोन-तृतीयांशाची अट होती आणि २०२२ मध्ये एक महत्त्वाचा मसुदा त्याच अटीवर पडला. आपल्याकडे असं बोलणं कुठे होतं, असा उसासा मी टाकला असता, पण त्याआधी मला माहीम आठवलं.

बुधवारच्या नोव्हेनाला, म्हणजे खास प्रार्थनेला, ज्या माहीमच्या देवळात सगळ्या धर्मांची माणसं मेणबत्त्या घेऊन रांगा लावतात, त्याच देवळात १८५३ साली बिशपने स्वतःला कोंडून घेतलं होतं. तेव्हा मुंबईतल्या देवळांवर दोन मालक हक्क सांगत. एक पद्रोआदो, म्हणजे पोर्तुगालच्या राजाने नेमलेले धर्मगुरू. दुसरं प्रोपगांडा, म्हणजे थेट रोमच्या खात्याने पाठवलेले. इंग्रजांनी १७२० मध्ये पोर्तुगीज धर्मगुरूंना मुंबईतून काढलं तेव्हापासून हा घोळ सुरू. माहीमच्या लोकांना पद्रोआदो हवं होतं. रोमच्या बाजूचे बिशप आनास्तासियुस हार्टमन, मूळचे स्वित्झर्लंडचे, कापुचिन संघाचे संन्यासी, म्हणाले देऊळ देणार नाही, आणि आपल्या माणसांसह आत बसले. बाहेर गावकऱ्यांनी वेढा घातला. बरेच दिवस हे चाललं. शेवटी सरकार मधे पडलं आणि देऊळ पद्रोआदोवाल्यांकडे गेलं. हेच हार्टमन १८५० मध्ये सुरू झालेल्या ‘एक्झामिनर’ या साप्ताहिकाचे संस्थापक. ते आजही निघतं, सिनडच्या बातम्या मी त्यातच वाचल्या. दुहेरी हुकमतीचा निकाल लागायला १९२८ साल उजाडलं. त्यानंतरही मुंबईला पहिले भारतीय आर्चबिशप मिळायला १९५० यावं लागलं, वालेरियन ग्रेशस.

तेव्हा ‘आमच्या लोकांना बोलायची सवय नाही’ हे माझं वाक्य अर्धंच खरं. सवय होती. देवळाचा पैसा आणि कारभार बघणारी फाब्रिका गावच्या मंडळींच्या हातात असायची, आणि ती मंडळी पाद्र्याला किल्ली द्यायची की नाही हेसुद्धा ठरवत. भांडण वाईट होतं, वेढा तर त्याहून वाईट, पण त्या माणसांना आपलं देऊळ आपलं वाटत होतं. मधल्या काळात ते कधी सुटलं? माझा अंदाज असा की शिस्त आली, शाळा आल्या, इंग्रजी आली, आणि किल्ली हळूच कार्यालयात गेली. हे वाईटच झालं असं मी म्हणणार नाही. त्या शाळेतच मी शिकलो, आणि त्या इंग्रजीनेच काकीचं वाक्य गिळलं.

रोमच्या सभा ऑक्टोबर २०२३ आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये झाल्या. पायऱ्यापायऱ्यांच्या सभागृहात नाही, गोल टेबलांवर, कार्डिनलच्या शेजारी कॉलेजातली मुलगी. २०२३ मध्ये पहिल्यांदाच पन्नासहून जास्त बायकांनी सिनडमध्ये मतदान केलं. अंतिम दस्तऐवज २६ ऑक्टोबर २०२४ ला मंजूर झालं. १५५ परिच्छेद. पोपनी त्याच्यावर वेगळं उपदेशपत्र काढलं नाही, आहे तसंच स्वीकारलं. धर्मग्रामाची मंडळं सक्तीची करा, हिशेब उघडे ठेवा, ‘फक्त सल्ला’ हे शब्द पुन्हा तपासून बघा, असं त्यात आहे. सगळ्यांत जास्त नकार पडले ते ६० व्या परिच्छेदाला. चर्चमधल्या नेतृत्वाच्या जबाबदाऱ्या स्त्रियांना मिळायला अडवणारं काही कारण नाही, असं म्हणणारा परिच्छेद. बाजूने २५८, विरुद्ध ९७. ते आकडे मी मोबाईलवर वाचत होतो तेव्हा गाडी मरोळ नाक्याला उभी होती, आणि मनात आलं की या ९७ जणांच्या वेदीवरचा कॉर्पोरल कोणीतरी धुतलेलाच असणार.

पोप फ्रान्सिस २१ एप्रिल २०२५ ला गेले. नवे पोप लिओ आले, आणि २०२८ पर्यंत या सगळ्याची अंमलबजावणी चालणार आहे असं वाचलं. आमच्या धर्मग्रामात अजून तरी वायफाय आलं आहे.

गेल्या सोमवारी सुट्टी होती. जुनी वही सापडली म्हणून मी काकीकडे गेलो. ती ओट्यावर बसून पेज गाळत होती. तिला १९६४ च्या डिसेंबरात ओव्हल मैदानावर पोप पॉल सहावे यांना बघितल्याचं चांगलं आठवतं. बारा वर्षांची होती. एवढंच आठवतं, की माणसांच्या पाठी दिसल्या आणि कोणीतरी खांद्यावर घेतल्यावर एक पांढरा ठिपका दिसला. मी तिला रोमचं सांगितलं. गोल टेबलं, बायकांची मतं, ६० वा परिच्छेद. ती हूं हूं करत होती. मग मी तिला कबुली दिली. सभेत तू जे बोललीस ते मी इंग्रजीत भलतंच लिहिलं, गुळगुळीत करून. माफ कर. आणि वहीतून तिचं मूळ वाक्य वाचून दाखवलं, “मना चाळीस वर्सांत खळ किती घालायची ते सोडून कोणी काय इचारलं नाय.”

तिने हात थांबवला.

“असं मी बोलली?”

“हे काय, तारीख घालून लिहिलंय.”

“मग तू तवाच चुकीचं लिवलंस.” तिने बोटावरची पेज अंगठ्याने चोळून बघितली आणि फडकं पुन्हा पिळायला घेतलं. “मी बोलली, खळ किती घालायची ते पण कोणी इचारलं नाय. ते इचारायचा काय संबंद? ते मी ठरवते.”